कागदात बांधलेली गोळी

कासमचाचा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच : "पोरी, कागदात बांध. प्लास्टिकमधून दिसतं."

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ आमचं औषधांचं दुकान आहे. महाडचं मोठं दुकान वडील बघतात, हे मी. चाचांनी काउंटरवर ठेवलेली चिठ्ठी मुंबईच्या एका डॉक्टरची होती, घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या. एक सकाळी, एक रात्री. मी दोन्ही पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोरा बांधला. पुडी त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात सारली, दुकानाबाहेर डोकं काढून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मगच पायरी उतरले.

तासाभराने बाजाराला आलेली एक बाई मला सांगत होती, "त्या तुडीलच्या चाचाला बघितलंस गो? बहात्तर वर्सांचा हाय. आजवर एक गोळी नाय खाल्लेली."

मी तिचं मलम तिच्या हातात दिलं. गिऱ्हाइकाचं औषध ही गिऱ्हाइकाची खाजगी गोष्ट, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. शिवाय गप्प राहणं मला जमतं. माझी शाळा इंग्रजी. बाजारात मी तोंड उघडलं की बायका एकमेकींना कोपर मारतात. "पोरगी बातम्या देते," म्हणतात.

दुकानाची मागची खिडकी एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या खळ्यावर उघडते. बाजाराच्या दिवशी सकाळी आठ वाजता चाचा तिथे उभे असत. तुडीलहून पहिल्या गाडीने महाडला आणि तिथून मी येते त्याच एस.टी.ने पोलादपूरला. अंगात बाह्या नसलेलं जाकीट, खाली इंजिनरूममधल्या कामगाराची निळी विजार, पायात कापडी बूट. डोंगरावरच्या वाड्यांतून बाजाराला उतरलेल्या बायका टोपल्या, कोंबड्या, दुधाचे कॅन भिंतीशी ठेवून त्यांच्यासमोर रांगेत उभ्या राहत. पंधरावीस बायका आणि दोनतीन म्हातारे. मग अर्धा-पाऊण तास खळ्यावर काहीच आवाज नसे. सगळे जण पाण्याखाली हलल्यासारखे हात उचलत, कमरेतून वळत, एक पाय पुढे सरकवत.

ह्याला ताय ची म्हणतात, आणि एका जागी उभं राहून श्वासाबरोबर हात हलवतात त्याला ची कुंग, असं चाचा नव्या माणसाला एकदाच सांगत. बायका दोन्हींना 'सावकाशी' म्हणत. "सावकाशीला चाललेय." चिनी नावं चाचांनी बदलून टाकली होती. जाळं ओढणं, म्हशीची पाठ चोळणं, दार लोटणं. एकाच हालचालीचं नाव मूळचंच राहिलं, माकड हाकलणं. ते डोंगरावर सगळ्यांना कळतं.

त्यांची शिकवायची रीत टोचून बोलण्याची होती. खांदे उचललेल्या बाईला ते विचारत, "काय गो, डोक्यावर हंडा हाय? नाय ना? मग उतरव." श्वास मुद्दाम खेचणाऱ्याला म्हणत, "ओढू नको. घरच्या माणसाला ओढून आणतात काय? दार उघडं ठेव, येतो." पाय आपटणाऱ्याला ते पुराचं उदाहरण देत. पुराचं पाणी उतरल्यावर पुलावरून पहिला ट्रक कोण नेतो? आधी माणूस चालून बघतो. तसं पाऊल आधी रिकामं ठेवायचं, जमीन कशी आहे ते बघायचं, मग वजन द्यायचं.

एकदा गिरणीच्या फाटकाशी एक ट्रकवाला उभा राहून बघत होता. घाटातला, तिशीतला, दंड दाखवणारा बनियन. तो ओरडला, "चाचा, डास मारताय काय? ह्या स्पीडनं एक पण नाय मरायचा!"

बायका हसल्या. चाचा पण हसले. म्हणाले, "ये ना रे, तू मार. पण एक काम कर. उभ्या उभ्या एक पाय उचल, गुडघ्यावर घे आणि बुटाची नाडी सोडून परत बांध. बसायचं नाय, टेकायचं नाय."

ट्रकवाल्याने नाडी सोडली. बांधताना तो एका पायावर उड्या मारत फाटकापासून खळ्याच्या मध्यापर्यंत आला आणि एका बाईच्या कोंबड्यांच्या टोपलीवर बसता बसता वाचला. मग सोनामावशी पुढे झाली. वय पासष्टच्या पुढे. तिने एक पाय उचलून गुडघ्याशी आणला, वहाणेचा अंगठा नीट केला, पाय खाली ठेवला आणि म्हणाली, "घाटात सांभाळून जा रे बाबा. ब्रेकवर हाच पाय असतो ना तुझा?"

ती सोनामावशी. उमरठच्या रस्त्यावरून पाऊण तास वर चढून जावं लागतं, अशा एका वाडीतली. शेळ्या राखायची. चाचांकडे यायच्या आधीच्या वर्षी ती झऱ्याच्या वाटेवर दोनदा पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण भीती बसली होती. घराच्या उंबऱ्यातून उतरतानाही ती सुनेचा खांदा धरायची. शेळ्या विकायचं घरात बोलणं चाललं होतं. पहिल्या दिवशी मुलगा बाळू तिला हाताला धरून खळ्यावर घेऊन आला आणि चाचांना म्हणाला, "हिला फक्त घरात चालती ठेवा, बस."

पाच महिन्यांनी ती एकटी उतरून आली. काखेत बोकड होतं. झोप लागते, म्हणाली. जिना चढल्यासारखी छातीत धडधड व्हायची ती कमी झाली, म्हणाली. मी खिडकीतून बघत होते, चाचांनी तिची पाठ थोपटली नाही की काही नाही. फक्त म्हणाले, "बोकड भिंतीशी बांध. कोपर खाली."

कोपरावर त्यांचा डोळा असायचा, त्याची गोष्ट ते सांगत. चौतीस वर्षं जहाजाच्या इंजिनात काढली. एकदा मलेशियात, पेनांगच्या बंदरात जहाज कज्ज्यात अडकलं, मालकाने हात वर केले, खलाशी सात महिने तिथेच. चाचांची छाती तोवर तेलाच्या धुराने भरलेली. शिडी चढताना तीनदा थांबायचे. बंदराजवळच्या बागेत पहाटे चिनी म्हातारेकोतारे जमत. चाचा मागे उभं राहून नक्कल करायला लागले. त्यांतली एक बाई, सोयाबीनचं दूध विकणारी, रोज येता येता त्यांचं कोपर दोन बोटांनी खाली दाबून जायची. "सात महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द नाय बोलली. तिची भाषा मला नाय, माझी तिला नाय. पण जहाज सुटलं तेव्हा शिडी एका दमात चढलो."

ह्या गोष्टीतला एक तुकडा ते गाळत. त्याच बंदरात डॉक्टरने त्यांचं प्रेशर बघून गोळ्या सुरू केल्या होत्या. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, काउंटरवर वाकून, मी पुडीला दोरा बांधत असताना. 'कशाला गाळता?' असं मी विचारलं नाही. ते आपणहून म्हणाले, "गोळी खाणाऱ्या मास्तरकडे कोण येईल गो?"

प्रेशर मोजायला ते बायकांना माझ्याकडे पाठवायचे. मशीन आहे, पैसे घेत नाही, म्हणून. वर्ग संपला की चारपाच जणी येत, मी पट्टा बांधत असे आणि आकडा औषधाच्या खोक्याच्या तुकड्यावर लिहून देत असे. सोनामावशीचे आकडे दर महिन्याला खाली येत होते. आधी एकशे साठच्या वर, मग एकशे पन्नास, मग एकशे चाळीस. दिवाळीनंतरच्या एका बाजाराला ते एकशे अठ्ठावीस आणि ब्याऐंशी आले.

"म्हंजे कसा?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "छान आहे. नॉर्मल."

त्यापुढे एक वाक्य बोलायला हवं होतं. गोळी चालू आहे आणि सावकाशीही चालू आहे म्हणून नॉर्मल आहे, काही थांबवू नका. ते मला येत होतं. पण तिच्या मागे तिघी उभ्या होत्या, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी पट्टा सोडला.

पंधरा गोळ्यांची पट्टी ती दर दुसऱ्या बाजाराला न्यायची. त्या वेळी आली नाही. पुढच्याही वेळी नाही. तिसऱ्यांदा ती खोबरेल तेलाची बाटली घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, "मावशी, गोळ्या?"

"त्या कशाला आता? तूच बोललीस ना, नारमल हाय." मग ती हसली. "आणि चाचा खातो काय गोळी? बघ कसा हाय तो."

मी उघडलेलं तोंड मिटलं. माझ्या मागच्या कपाटात त्या क्षणी चाचांची पुडी बांधून ठेवलेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एस.टी.त चाचा नेहमीसारखे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते, मी दोन सीटं मागे. सांगायचं वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. महाड सुटलं, हायवे आला, नदी दिसली आणि गेली. त्यांच्या टोपीच्या कडेकडे बघत मी ते वाक्य मनात पुनःपुन्हा म्हणत राहिले. पोलादपूर आलं. त्या दिवशी सोनामावशी वर्गाला आली होती, खळ्यावर मोठ्याने हसत होती. मी स्वतःला सांगितलं, ठीक दिसते आहे.

त्यानंतरच्या बाजाराला ती आली नाही. वर्ग संपल्यावर चाचा माझ्या खिडकीशी आले. "सोना का नाय आली गो? तुझ्याकडे काय बोलली?"

गजांतून मी त्यांना सगळं सांगितलं. नॉर्मल म्हटलेलं, पट्ट्या न नेलेल्या, आणि तिने तुमचं नाव घेतलं तेही. चाचांचा चेहरा हलला नाही. गज धरलेला हात मात्र त्यांनी काढून घेतला.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"मशीन घे. दुकान बंद कर."

रिक्षाने आम्ही पायवाटेपर्यंत गेलो. पुढे चढ होता. मी तेवीस वर्षांची, दहा मिनिटांत माझ्या कुशीत कळ आली. चाचा खळ्यावर चालत तसेच चालत होते, ना हळू ना भरभर, नाकाने श्वास, तोंड बंद. थांबले नाहीत. त्या माणसाकडे जे होतं ते खरं होतं, हे मला त्या चढावर कळलं. त्यांनी शिकवलेलं खोटं असतं तर 'ते सोडा, गोळ्या खा' एवढं सांगून माझं काम झालं असतं.

अर्ध्या वाटेवर ते एकदाच बोलले. "तू सांगायला दोन आठवडे उशीर केलास."

"हो."

"मी तीन वर्सं केला. वर्ग काढला तेव्हापासून."

सोनामावशी ओटीवर बसली होती, भिंतीला टेकून. आम्हाला बघून खूश झाली. "आलास चाचा! माझ्या घरला! सूनबाय, चा ठेव." बाळू गोठ्याकडून आला. सकाळी दुधाचा तांब्या हातातून सुटला, तेव्हापासून डोकं दुखतंय म्हणते, असं त्याने सांगितलं. वारा लागला असेल, म्हणाला.

मी पट्टा बांधायला पुढे झाले. चाचा ओटीखाली उभे राहून तिच्याकडे बघत होते. मग ते म्हणाले, "सोना, उभी राहा. सुरुवातीचं कर. दोन्ही हात वर, सावकाश."

"आता? तू पण..."

"कर गो."

ती उभी राहिली. वर्गाची पहिली हालचाल हीच असते. दोन्ही हात समोरून खांद्यापर्यंत तरंगत आणायचे. तिने दोन्ही आणले. उजवा तिथेच राहिला. डावा राहिला, राहिला, आणि हळूहळू खाली यायला लागला, जसं कुणी त्याच्यावर काहीतरी ठेवत होतं. ती चाचांकडेच बघत होती. तिला कळलं नव्हतं.

"केला की वर," ती म्हणाली. त्यातला 'वर' नीट उमटला नाही.

चाचांनी वर चढून तिला बसवलं. मी पट्टा बांधून मोजलं. त्यांनी विचारलं, "किती?" दोनशे दहा आणि एकशे वीस. त्यांनी बाळूला सांगितलं, "खुर्ची आण, बांबू आण, चार माणसं बोलव. चा नको. पाणी पण देऊ नको तोंडात. आत्ता उतरवायची."

"मला काय झालंय? मी चालते," सोनामावशी म्हणत होती. एकेक शब्द सैल होत होता.

खुर्चीला बांबू बांधताना बाळूला आईने गोळ्या सोडल्याचं कळलं. त्याने सुंभ तिथेच टाकला आणि चाचांच्या अंगावर आला. "तू बोललास काय हिला, गोळ्या नको खाऊ?"

"मी नाय बोललो," चाचा म्हणाले. "पण मी खातो, हे पण नाय बोललो."

बाळूला ते समजलं नाही. चाचांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून माझ्या हातची पुडी काढली, दोरा दाताने तोडला आणि पाकिटं त्याच्यासमोर धरली. "सकाळ एक, रात्र एक. पेनांगपासून. तुझ्या आयशीला कळू दिलं नाय. कुणालाच नाय. आता मार पायजे तर मला, पण आधी ती गाठ बांध."

बाळूने गाठ बांधली. मी बाजूला उभी होते. नॉर्मल हा शब्द माझा होता आणि चाचांनी तो त्या अंगणात काढला नाही. मीही काढला नाही.

खाली उतरायला पस्तीस मिनिटं लागली. चौघे खांदे बदलत होते. उतारावर खुर्ची पुढे झुकायची तेव्हा चाचा पुढच्या दोघांना सांगत, "घाई नको, घाई नको, पाऊल बघ," आणि मागे वळून माझ्या घड्याळाकडे बघत. घाई हवीही होती. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. रस्त्यावर जीप मिळाली. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न केला, "त्रास किती वाजता सुरू झाला?" आणि दुसरा, "गोळ्या चालू होत्या का?" दोन्हींची उत्तरं मी दिली, मोठ्याने.

ती वाचली. डावा हात आणि डावा पाय अर्धे गेले.

पुढच्या बाजाराला चाचांनी वर्ग सुरू केला नाही. बायका उभ्या राहिल्यावर त्यांनी खिशातून पट्टी काढली, तिच्यातली एक गोळी बाहेर काढली, पाण्याच्या बाटलीतून घोट घेतला आणि गिळली. मग सगळं सांगितलं. पेनांगचा गाळलेला तुकडासुद्धा.

 मागची एक जण म्हणाली, "म्हंजे तू आमाला फसवलास."

"होय."

"मग हे हातवारे कशाला करायचे? गोळीच खायची तर?"

"गोळी खाऊन पण तू झऱ्याच्या वाटेवर पडशीलच," चाचा म्हणाले. "गोळी पाय टाकायला नाय शिकवत. झोप आणते काय ती? गुडघा सोडवते काय? तिचं काम ती करते, ह्याचं हे करतं. मी एकाचं क्रेडिट दुसऱ्याला दिलं. त्यात सोना गेली असती."

आठ जणींनी टोपल्या उचलल्या आणि गेल्या. त्यातल्या पाच परत आल्या नाहीत. एक म्हातारा फाटकाशी थुंकला. उरलेल्यांना चाचांनी आधी माझ्या दुकानात पाठवलं. ज्याच्या त्याच्या गोळ्यांची पट्टी मी बघायची, किती उरल्या ते विचारायचं, मगच वर्ग. मी एकेकीला पूर्ण वाक्य सांगायला लागले. त्या हसत. मी सांगत राहिले.

चाचा आठवड्यातून दोनदा वाडीवर चढायला लागले. बाळू सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नसे. पाणीसुद्धा सून आणून द्यायची. मार्चमध्ये मी पट्ट्या द्यायला आणि प्रेशर मोजायला वर गेले होते. पुढच्या आठवड्यात चाचांचा मुलगा त्यांना बहरीनला नेणार होता. ते परत येतील की नाही, माहीत नव्हतं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी गोठ्यापाशी खालच्या बाजूला उभी होते. घरापासून गोठ्यापर्यंत चाळीस पावलांचा उतार आहे. सोनामावशी वर उभी होती, काठीशिवाय. काठी चाचांनी काढून बाळूकडे दिली होती. ते तिच्या दोन पावलं खाली, तिच्याकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभे होते.

"धर की रे मेल्या," ती म्हणाली. जीभ अजून जड होती. "पडन मी."

"पड. मी खाली हाय. माझ्यावर पड."

"तू मरशील."

"मग तुला शेळ्या राखायला मोकळं रान."

तिने शिवी दिली आणि डावा पाय उचलला. तो हवेत लोंबकळत राहिला. बाळू ओटीवरून उडी टाकून आला; चाचांनी त्याच्याकडे न बघता फक्त मान हलवली, तो थांबला. पाय खाली आला, वाकडा, पण आला. मग उजवा. चाचा एक पाऊल मागे सरले.

चेहऱ्यावर त्यांच्या काही नव्हतं. खळ्यावर असायचा तसाच चेहरा, बाजारभाव ऐकत असल्यासारखा. पण मी त्यांच्या मागे होते. पाठीमागे बांधलेले ते हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती डगमगली की हात झटकन सुटायला बघत, आणि ते त्यांना परत आवळून धरत. चाळीस पावलं. सोनामावशीने गोठ्याचा खांब पकडला, कपाळ त्याला टेकवलं, आतल्या शेळ्या ओरडायला लागल्या. तेव्हा कुठे ती बोटं सुटली, एकेक करून, आणि मनगटावर त्यांचे वळ राहिले.